थावराच्या जीपची पुढची सीट

ना सण, ना लगीन, ना कोणाचं दुखणं. मंगळवारी सकाळीच शितल बॅग घेऊन दारात उभी! मी सोताशीच म्हनलं, पारुबाई, ही काहीतरी ठरवून आलीय.

शितल माझी थोरली लेक. हैदराबादेत एका विमान कंपनीच्या हापिसात हाय. कोणतं विमान घ्यायचं, कोणतं ठेवायचं आन् कोणतं काढून टाकायचं, हे ठरवणाऱ्या माणसांत ती बसते. तांड्यात मी हे मिरवून सांगायची. पण चहा पिऊन ती उठली, अंगणातल्या जीपभोवती चकरा मारल्या, वाकून वाकून पत्रा पाहिला, तवा माझं मिरवणं कुठल्या कुठं गेलं.

ती जीप माझ्या मालकाची. नाव घेऊ नये, पण तुमाला कळावं म्हणून घेते, थावरा. तांडा ते वारंगा फाटा सवाऱ्या न्यायच्या आणायच्या, अर्धं आयुष्य त्याच्यातच गेलं. जीप गेली तर हा माणूस ओट्यावर बसून सुकून जाईल, मला ठाव हाय.

"काहून पाहून राहिली गं जीपला?" मी इचारलं.

"असंच, याडी." आमच्यात आईला याडी म्हनतात.

असंच म्हणे! विमानं मोडीत काढणारी बाई जीप असंच पाहते व्हय? मला काय येडी समजली का काय?

संध्याकाळी भाकरी थापता थापता मी गोडीगुलाबीनं खडा टाकला. "का गं, विमान जुनं झालं की काढता व्हय तुमी?"

"नुसत्या वयावर न्हाई. दर काही वर्सांनी मोठी तपासणी येते. विमान पार उकलून ठेवतात. ती तोंडावर आली की आमी हिशोबाला बसतो. एवढा पैसा घालून ते पुढं बराबर चालंल, का आत्ताच काढलेलं बरं?"

आमची जीप तर नेमसिंग मिस्त्री दर महिन्याला उकलतो. ते मी बोलले न्हाई.

"मंग सरळ नवीनच घ्यावं की."

"नवीन तेल कमी पितं, पण आज मागितलं तर यायला वर्सं लागतात. तवर जुनंच चालवायचं. आन् समदी एका जातीची असली तर बरं. मिस्त्री तेच, पायलट तेच, सामान तेच. येगळं पडलेलं विमान आधी जातं."

फाट्यावर आता समद्या रिक्षा आन् नव्या गाड्या. जीप आमची एकटीच. माझी भाकरी तव्यावर करपली.

"कधी कधी चांगलं विमान बी जातं," शितल म्हनली. "काही बिघडलेलं नसतं. त्याचं काम दुसरं करायला लागलेलं असतं."

"चांगलं असून?"

"चांगलं असून."

काय दगडाच्या काळजाची माणसं! मी तवाच ठरवलं, उद्या हिला एक बी खोट सापडू द्यायची न्हाई.

आता तुमाला सांगते, तकलीफ जीपला नव्हतीच. तकलीफ मालकाच्या डोळ्याला व्हती. वर्सभर झालं, समदं धुकट दिसून राहिलं व्हतं. आमच्या वाडवडलांनी बैलांच्या पाठीवर माल वाहिला. चालत्या बैलाचा डोळा गेला तर त्याला इकायचे न्हाईत, डोळस बैलाला खेटून चालवायचे. मी तेच केलं. पुढच्या सीटवर जाऊन बसले. "अगं बाई, डावीकडं केवढा खड्डा पडलाय!" "त्या म्हशी पाहा कशा मधीच उभ्या!" असं बोलत राहायचं, तो तसं चाक वळवायचा. मागच्या सवाऱ्या म्हनायच्या, पारुबाईचं तोंड काही बंद व्हत न्हाई. म्हना! आमच्या दोघांशिवाय कोणाला ठाव नव्हतं. आन् खरं सांगू? जन्म चुलीपुढं गेला, आता कुठं मला रोज काचेतून रस्ता पाहायला भेटत व्हता.

सकाळी जीप निघाली तर शितल म्हनली, "मी बी येते, मागं बसते." झालं! माझा एक डोळा रस्त्यावर, एक आरशात. ती कधी बापाकडं पाहायची, कधी माझ्याकडं, मंग मोबाईलवर बोटं चालवायची. काय लिहून राहिली ही? जीप काढायचंच लिहून राहिली असंल. मला राहवंना. मान वळवून मी तिच्या मोबाईलात डोकावले आन् बोलायचं राहून गेलं.

"बा, ब्रेक!" शितल किंचाळली.

जीप थांबली तवा चाऱ्याचा भारा चाकाखाली व्हता आन् जनकाबाई रस्त्याच्या कडंला पालथी पडली व्हती. शेजारच्या वस्तीतली, माझ्याच वयाची. देवाची कृपा, नुसतं कोपर सोललं व्हतं. ती उठली ती वरडतच. "थावरा, डोळे फुटले का रे तुझे?"

मालक स्टेरिंग धरून तसाच बसला.

शितलनं जनकाबाईला पाणी पाजलं, कोपर बांधलं. मंग खिडकीशी येऊन म्हनली, "बा, चावी दे."

"घाल, जीप घाल मोडीत!" मी भडकले. "त्याच्यासाठीच आली ना तू?"

"जीपसाठी कोण आलंय, याडी? व्हिडिओ कॉलवर बोलताना बा माझ्याकडं पाहत नव्हता, भिंतीकडं पाहत व्हता. म्हणून आले. जीप कुठं कुठं घासली ते पाहत व्हते. आत्ता नांदेडच्या डोळ्याच्या डॉक्टरला लिहून राहिले व्हते."

"वर्सभर मी सांगत आले त्याला. एक कोंबडी मेली न्हाई!"

"आन् आज?"

मी खाली उतरून चाकाखालचा भारा ओढायला लागले.

"विमानात बी दोघं बसतात," ती हळू म्हनली. "पण दोघांना दिसतं, याडी."

मालकानं चावी काढून तिच्या हातावर ठेवली. "मला काढू नको," तो म्हनला. असं रडवेलं बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

"तुला कोण काढतंय? मोठी तपासणी आलीय तुझी. करून घेऊ, डॉक्टर व्हय म्हनला तर चालव."

दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टरनं व्हय म्हनल्यावर मालक जीपवर बसला. सुईत दोरा ओवून दाखवायचा येणाऱ्या जाणाऱ्याला! मला आनंद झाला. का व्हनार न्हाई? पण पहिल्याच दिवशी पुढच्या सीटवर देविदास गुरुजी जाऊन बसले. पैसे देणारी सवारी, त्यांना उठा कसं म्हनायचं? मी मागं, पिशव्या आन् कोंबड्यांत. मला फार राग आला. कोणाचा, ते सांगता येत न्हाई.

खड्डा आला. माझं तोंड उघडलं, तवर जीप बाजूनं निघून गेली बी व्हती. मी गप बसले. चांगलं असून काढतात, हे शितल बोलली तवा मी उगाच जीपची काळजी करत व्हते.

वळण आलं तशी मी मागूनच वरडले, "बैलगाडी!"

गुरुजी दचकून पुढं पाहायला लागले. मालकानं आरशात माझ्याकडं पाहिलं, गाडी हळू केली आन् लांब हॉर्न वाजवला. रस्ता पार रिकामा व्हता.