रजनीताईंच्या ऑफिसातून

रजनीताई ओरडल्या नाहीत तर औंढ्याच्या लोकांना चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं. लोणावळ्यात भांगरवाडीत त्यांचं एका खोलीचं ऑफिस, आणि त्या खोलीतून तीस वर्षं त्या अख्ख्या पंचक्रोशीचे इन्कम टॅक्सचे रिटर्न भरत आलेल्या. शाळामास्तर, बंगलेवाले, दुकानदार, आणि अलीकडे जवळच्याच औंढे गावातली ती मंडळी, ज्यांच्या जमिनी बंगल्यांच्या प्लॉटसाठी विकल्या गेल्या आणि ज्यांना आयुष्यात पहिल्यांदाच सरकारला हिशेब द्यायची पाळी आली. ताई त्यांना झापायच्या, दमात घ्यायच्या, आणि त्यांचं काम मात्र जिवापाड करायच्या. म्हणून लोकही ऐकून घ्यायचे.

यंदा पेपरात रोज एक बातमी यायला लागली. कुणाला अटकेची भीती घातली, कुणाला टॅक्सचा परतावा आलाय म्हणून फोन केला, आणि खातं धुऊन नेलं. ताईंच्या मनाने घेतलं, की आपली माणसं अशी लुटली जाता कामा नयेत. बुधवारी दुपारी त्यांनी औंढ्यात मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात सगळ्यांना गोळा केलं.

"नीट ऐका," ताई कडाडल्या. "इन्कम टॅक्सवाले फोन करून पैसे मागत नाहीत. पोलीस फोनवरून अटक करत नाहीत. मोबाइलवर जो नंबर येतो ना, तो ओटीपी, तो कुणालाही सांगायचा नाही. म्हणजे नाही! आणि फसलात, तर त्याच घटकेला एकोणीसशे तीस, हा अशा चोऱ्यांच्या तक्रारीचा सरकारी नंबर, लावायचा. लाज वाटते म्हणून घरात तोंड लपवून बसायचं नाही. पहिल्या काही तासांत पैसे अडवता येतात, नंतर देव आला तरी आणून देत नाही."

"आन् बायकूनं मागितला तर?" भिकाजीआबा मागून म्हणाले. सगळा मंडप खिदळला.

"तिला तर अजिबात नाही," ताईंनी ठेवून दिलं.

हसणं ओसरलं तेव्हा खांबाला टेकून बसलेली नंदाबाई उठून उभी राहिली. साठीची बाई, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. चारचौघांत बोलायची तिला सवय नाही. पदर ओढून घेत ती म्हणाली, "ताई, तुमी मागितला तरी न्हाई द्यायचा का?"

पुन्हा हशा झाला. आता बघा, प्रश्न काही वेडगळ नव्हता. दर जुलैत ताईच फोन करायच्या, "मावशी, रिटर्न भरलंय, आता एक नंबर येईल तो सांगा." आणि मग कुणी भाताच्या खाचरातून, कुणी लग्नाच्या मांडवातून तो नंबर वाचून दाखवायचं. औंढ्याच्या माणसाला लोणावळ्याला खेप पडू नये, याचा ताईंना केवढा अभिमान! त्या मोठ्याने हसल्या.

"अहो मावशी, मी मागितला तर द्यायचाच. नाहीतर तुमचं रिटर्न काय मारुती भरणार?"

नंदाबाईचा चेहरा एकदम सैल झाला. "मग झालं तर," असं पुटपुटून ती खाली बसली. चहा मात्र न घेताच गेली, आणि ताईंच्या ते लक्षातही आलं नाही.

शनिवारी सकाळी ऑफिस उघडून ताई पंखा लावतायत तोवर नंदाबाई दारात हजर. हातात मेथीच्या दोन जुड्या. त्या टेबलावर ठेवून ती खुर्चीच्या अगदी कडेला टेकली आणि बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिली. शेवटी म्हणाली, "ताई, राग मानू नका. पर ते पैसे माज्या खात्यावर माघारी कदी टाकताय? उद्या स्नेहल यायची हाय."

"कुठले पैसे?"

"ते न्हाई का, तुमच्या हापिसात ठेवायला घेतलेले."

ताईंना काही उमजेना. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "मावशी, मी तुमच्याकडून काहीच घेतलं नाही. काय झालं ते पहिल्यापासून सांगा."

नंदाबाईने सांगितलं. मंगळवारी सांजच्याला एका मुलाचा फोन आला. रजनीताईंच्या ऑफिसात नवीन लागलोय म्हणाला. लय गोड बोलला. जमिनीच्या पैशावर टॅक्स लागू नये म्हणून ते चार दिवस ऑफिसच्या खात्यात ठेवायचे, मग माघारी येतील, म्हणाला. मागल्या साली ताईंनीच तर पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात ठेवायला लावले होते, तसंच काहीतरी असेल, असं तिला वाटलं. त्याने कार्डावरचे आकडे विचारले. मग एकामागून एक नंबर आले, ते तिने चष्मा लावून सावकाश वाचून दाखवले.

"दुसऱ्या दिशी तुमी देवळात बोलला, तवा मला शंका आली बगा," नंदाबाई म्हणाली. "म्हनलं, हे तर आपन कालच केलंय. म्हनून तर इचारलं तुमाला. तुमी म्हनला, मी मागितला तर द्यायचाच. मग माजा जीव भांड्यात पडला. लय शांत झोपले त्या राती."

ताईंनी मनातल्या मनात दिवस मोजले. बुधवारी दुपारी पैसे जाऊन एक दिवसही झाला नव्हता. बुधवारी दुपारी ही बाई सगळ्या गावासमोर उभी राहून मदत मागत होती, आणि आपण तिच्यावर हसलो. एवढी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती.

"मावशी, तो मुलगा माझ्या ऑफिसातला नव्हता," त्या म्हणाल्या. "माझ्या ऑफिसात कुणी मुलगाच नाही."

नंदाबाई रडली नाही. तिने फक्त पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "ते स्नेहलचं व्हतं," ती म्हणाली.

हे ताईंना ठाऊक होतं. जमीन विकली गेली तेव्हा सत्यमचं, म्हणजे नंदाबाईच्या मुलाचं म्हणणं होतं की बहिणीने, स्नेहलने, हक्कसोड करून द्यावी, जशी गावातल्या सगळ्या बहिणी देतात. साडीचोळी करू, माहेर तुटू देणार नाही, वगैरे. नंदाबाई ऐकेना. निम्मं मुलाला, निम्मं मुलीला, यावर ती अडून बसली. घरात महिनाभर धुसफुस चालली आणि अखेर सत्यमने तोंड वाकडं करून सही केली. स्नेहलचा वाटा आईच्या खात्यात राहिला. आता स्नेहल तळेगावजवळ वराळ्यात फ्लॅट बघत होती, आणि उद्या त्याच पैशांसाठी यायची होती. पैसे नाहीत म्हटल्यावर ती काय समजेल, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

ताईंनी तिथल्या तिथे एकोणीसशे तीस लावला. तक्रार नोंदवली, नंदाबाईला रिक्षात घालून बँकेत नेलं, खातं गोठवलं. बँकेतल्या बाईने स्क्रीनवर बघून मान हलवली. पैसे मंगळवारी रात्रीच चार ठिकाणी गेले होते आणि तिथून पुढे कुठे कुठे. कुठल्यातरी एका खात्यात थोडेसे अडकलेले होते, ते कदाचित मिळतील. "बुधवारी आला असतात तर बरंच अडवता आलं असतं," ती हळहळून म्हणाली. ताईंनी खाली मान घातली.

मग पोलीस ठाणं. हवालदार भला माणूस होता, त्याने नंदाबाईला पाणी दिलं, घाई केली नाही. "मावशी, फोनवाल्यानं कुणाचं नाव सांगितलं? कुठून बोलतोय म्हणाला?"

"कुनाचं न्हाई," नंदाबाई म्हणाली. "आसाच आला फोन."

ताईंनी चमकून तिच्याकडे बघितलं. टेबलाखाली नंदाबाईने त्यांचा हात घट्ट दाबून धरला होता. हवालदार कुणाच्या हाकेसरशी आत गेला तशा ताई कुजबुजल्या, "मावशी, खोटं का सांगताय?"

"मग काय तुमचं नाव पोलिसात देऊ? उद्या गावात कोन कागद दील तुमाला? माजं गेलं ते गेलं. तुमचं आनि कशाला घालवू?"

खरं सांगायचं तर, घटकाभर ताईंना बरं वाटलं. माणूसच त्या. तीस वर्षांचं नाव, एका खोलीचं ऑफिस, पोट त्याच्यावरच. गप्प बसायचं एवढंच करायचं होतं. पण ज्याला नंदाबाईचा फोन नंबर सापडला त्याला बाकीच्यांचेही सापडले असणार. आज, आत्ता, कुणीतरी भिकाजीआबांना फोन करत असेल, रजनीताईंच्या ऑफिसातून बोलतोय म्हणून. आणि आबा आनंदाने नंबर वाचून देतील.

हवालदार परत आला. "साहेब," ताई म्हणाल्या, "फोन माझ्या ऑफिसच्या नावानं आला होता. लिहा. ओटीपी फोनवर सांगायची सवय या लोकांना मी लावली, तेही लिहा. आणि बुधवारी यांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, तेव्हा मी म्हटलं, मी मागितला तर द्यायचाच. म्हणून या गप्प राहिल्या."

हवालदाराने पेन थांबवलं. "मॅडम, उगाच अंगावर घेताय."

"अंगावरच आहे ते. लिहा तुम्ही."

नंदाबाई त्यांच्यावर एवढी रागावली, की औंढ्याला सोडेपर्यंत रिक्षात एक शब्द बोलली नाही. उतरताना मात्र म्हणाली, "उद्या या. माज्या एकटीनं न्हाई व्हायचं."

संध्याकाळभर ताई एकेका अशिलाला फोन करत बसल्या. "माझ्या नावानं कुणी फोन केला, तर तो चोर समजा." लोक विचारायचे, काय झालं, आणि ताई सांगायच्या. दोघांनी तेव्हाच सांगून टाकलं, की पुढल्या वर्षी दुसरीकडे बघू. ताईंनी बरं म्हटलं.

रविवारी त्या औंढ्याला पोचल्या तेव्हा स्नेहल नुकतीच आली होती. तळेगावच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी करणारी, शांत, मोजकं बोलणारी मुलगी. सत्यम दाराशी उभा होता. आईने कसंबसं दोन वाक्यांत सांगितलं. स्नेहलने आईकडे बघितलं नाही. तिने भावाकडे बघितलं.

"दादा, हे कधी ठरलं तुमचं?"

"माज्याकडं काय बगतीस?" सत्यमचा आवाज चढला. "मला काल सांजच्याला कळलंय. सही केली व्हती ना मी? तुला काय वाटतं, मी खाल्ले?"

स्नेहलने हातानेच त्याला थांबवलं. ताई पुढे होऊन सांगायला लागल्या तशी तिने त्यांनाही मध्येच थांबवलं. "मॅडम, दादाचे रिटर्न तुम्हीच भरता ना?"

तोंडात मारल्यासारखं झालं ताईंना. ज्या बाईचा शब्द गावात कुणी खाली पडू देत नव्हतं तिला ही पोर शांतपणे विचारत होती, की तुम्ही कुणाच्या. आणि तिचं तरी काय चुकलं?

"हो, भरते," ताई म्हणाल्या. "तरी ऐक. तुझ्या आईला बुधवारीच शंका आली होती. तिनं देवळात उभं राहून मला विचारलं, तुम्ही मागितला तरी द्यायचा नाही का. सगळं गाव साक्षीला आहे, विचार कुणालाही. मी हसले. मी मागितला तर द्यायचा, म्हणाले. त्या वेळी ती बोलली असती तर तुझे बरेच पैसे वाचले असते. तिला मी बोलू दिलं नाही. पोलिसांना मी असंच लिहून दिलंय."

"का हसलात तुम्ही?"

"कुणालाही देऊ नका म्हणत होते ना," ताई सावकाश म्हणाल्या, "त्या कुणालाहीमध्ये मी स्वतःला धरलंच नव्हतं."

स्नेहल उठून आईजवळ जाऊन बसली. नंदाबाई घाबरीघुबरी होऊन म्हणाली, "तुजंच व्हतं गं ते. एक रुपाया हलवला न्हवता मी."

"माहितीये आई."

"दादानं बी न्हाई हात लावला."

"माहितीये म्हटलं ना," स्नेहल म्हणाली. तिने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. सत्यम वळून अंगणात गेला, तिथे उगाचच मोटारसायकल पुसत राहिला. स्नेहलने आतूनच हाक मारली, "दादा, चहा घ्यायला ये." थोड्या वेळाने तो आला.

चहा नंदाबाईनेच केला. कप ताईंच्या हातात देताना ती समजूत घातल्यासारखं म्हणाली, "लोक काय बी म्हनू द्या ताई. पुढल्या साली आमचं तुमीच भरा. नंबर आला की मी आपली पैल्यासारकी सांगंन तुमाला."

स्नेहलने कप खाली ठेवला. तिने आपल्याकडे बघायची वाट ताईंनी पाहिली नाही.

"भरीन मावशी. पण नंबर मला सांगायचा नाही. मी इथं येईन, तुमच्यासमोर बसेन, पण तो वाचणार तुम्ही आणि टाकणारही तुम्ही. मी फोन केला तरी मी नाही असं धरायचं. माझा आवाज ओळखलात तरीसुद्धा."

काल बँकेत नंदाबाई रडली नव्हती, पोलिसांपुढे नाही, मघाशी लेकीपुढेही नाही. आता तिचे डोळे भरून आले.

"म्हंजी आता तुमी बी परक्याच का?"

ताईंनी तिचा हात हातात घेतला आणि हो म्हणून सांगितलं.