दुपारी ताणलेली तार

कारभारीला कोणी काही शिकवायला गेलं की तो आधी हसायचा. सगळी उमर खडोलीच्या सुताच्या कंपनीत गेलेली. मशीनवर पळणाऱ्या धाग्याला नुसतं बोट लावून ताण किती, ढील किती ते सांगायचा, आणि खोटं कशाला बोला, बरोबरच सांगायचा. पण धागा वेगळा नि तार वेगळी, हे त्याला कोण सांगणार? सरुबाई सांगायची. बायकोचं कोण ऐकतं!

किलवणीत त्यांच्या खोलीमागे भाड्याने घेतलेला जमिनीचा तुकडा होता आणि त्यात लाडी. सरुबाईची गाय. लेक जया लग्न होऊन अमळनेरला गेली, घर खायला उठलं, तेव्हा सरुबाईने कालवड आणली आणि लेकीच्या मायेने वाढवली. पलीकडेच कंपन्यांचा रस्ता, दिवसरात्र टँकर. म्हणून भोवती झटक्याची तार. तारेत वीज सोडणारं, उन्हावर चालणारं मशीन टिक टिक करायचं, तारेला नाक लागलं की लाडी दचकून मागे सरायची. तार ढिली पडली तर गवताला टेकते आणि झटका मरतो, म्हणून सरुबाई रोज सकाळी गारव्यात ती तपासायची. दुपारी हात लावायची नाही.

पौषात जयाच्या बाळंतपणाला जाताना तिने बजावलं होतं, तार सकाळीच ताणायची आणि बोटभर ढील ठेवायची. त्याने हो हो केलं. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. आधी लाडीची चौकशी, मग उरलंच काही तर नवऱ्याची. फोन गाईच्या कानाला लावायला सांगायची आणि मशीनची टिकटिक ऐकू आली की तिकडून तिच्याशी बोलत बसायची. कारभारी वैतागायचा, पण फोन धरून उभा राहायचा.

एके दुपारी, नाइट शिफ्टची झोप काढून तो उठला तर तारेला झोळ आलेला. सुतात ढील म्हणजे खोट. शेजारचा बारकू वारली म्हणाला, ऊन तरी उतरू दे. कारभारीने त्याला उडवून लावलं. खांबावरची चकरी फिरवत गेला, आणि बोटाने छेडल्यावर तार वाजू लागली तेव्हाच थांबला. स्वतःवरच खूश झाला येडा. सुताच्या खात्यात बारा महिने एकच हवा, एसीची. तार उन्हात सैलावते नि थंडीत आखडते, हे त्याला तिथे कधी कळायची वेळच आली नव्हती.

सकाळी ड्यूटीवरून आला तर तार गाठीपाशी तुटून गवतात पडलेली, आणि लाडी नाही. ती रस्त्याच्या कडेला सापडली. टँकर कधीच निघून गेला होता. कारभारी तिच्या मानेवर हात ठेवून ढसाढसा रडला, येणारेजाणारे कामगार बघत असताना. मग त्याने आणि बारकूने तिला खोलीमागच्या तुकड्यातच पुरलं.

संध्याकाळी फोन आला. जयाचे दिवस भरलेले. सांगितलं तर सरू लेकीला टाकून धावत येईल, या भीतीने तो म्हणाला, लाडी बरी आहे. तिने फोन गाईच्या कानाला लावायला सांगितला. त्याने मशीन चालू केलं आणि फोन त्याच्यासमोर धरला. सरुबाई त्या टिकटिकीशी बोलत राहिली. पेंड खा, रुसू नको, येतेच मी. त्या दिवसापासून हे रोजचं झालं, मशीन चालूच राहिलं. आणि रोज सकाळी कारभारी जोडलेली तार तपासायचा, गारव्यात, बोटभर ढील ठेवून.

जयाला मुलगा झाला. महिन्याभराने सरुबाई परतली. वाटेवरच तिला टिकटिक ऐकू आली आणि ती पिशवीसकट तडक मागे गेली. पिशवीत लाडीसाठी डिंकाचा लाडू होता. कारभारी दारातच थांबला. शेवटी तो गेला, तर ती मातीच्या उंचवट्याकडे बघत उभी.

"दुपारी ताणली गं मी, सरू. तू गेल्यावर पंधरवड्यातच."

तिने पिशवी खाली ठेवली.

"मग मी रोज कोणाशी बोलत होते?"

कारभारीने मशीनकडे पाहिलं. सरुबाईने जाऊन मशीन बंद केलं. मग लाडू मातीवर ठेवला आणि तिथेच खाली बसली. कारभारीही बसला, तिच्यापासून जरा लांब.