ओटी न चालणारा देव

कासारवाडीच्या खाली पवनेच्या घाटावर त्या शुक्रवारी एवढी माणसं लोटली होती, की नदीत पडायचं म्हटलं तरी रांगेत उभं राहावं लागलं असतं. कारण एकच. नाव चालत होती.

नाव चालते यात नवल काय, असं कुणी विचारील. पण ही नाव वल्ह्याशिवाय, शिडाशिवाय आणि प्रवाहाच्या उलट चालत होती. पुढे ढोल, मध्ये जलानंद महाराज आणि त्यांच्या पाठीशी, नावेच्या अगदी मागच्या फळीवर, भगव्या कापडानं झाकलेला देव्हारा. आतला देव कुणी पाहिला नव्हता. आवाज मात्र सगळ्यांनी ऐकला होता. फट् फट् फट् फट्!

"हा जलदेवाचा हुंकार!" महाराज सांगत. "आणि धूर दिसतो तो पापाचा. तुमचाच आहे, भिऊ नका."

देव उठवायची रीतही साग्रसंगीत होती. महाराज कापडाखाली हात घालून देवाच्या मुकुटाला केशरी नाड्याचे चार वेढे देत, मंत्र पुटपुटत आणि हिसका मारून नाडा ओढत. पहिल्या हिसक्याला देव सहसा उठत नसे. मग महाराज गर्दीवर नजर फिरवत. "इथं कुणीतरी निंदक उभा आहे!" लोक लगेच उद्धवरावाला धरून घाटाबाहेर काढत, कारण गावात त्याच्याशीच सगळ्यांची भांडणं होती. तोवर दुसरा-तिसरा हिसका बसे आणि देव जागा होई. उद्धवराव पाच वेळा हाकलला गेला होता, आणि आपण निंदक आहोत हे आता त्यालाही पटत चाललं होतं.

मुंबई-पुणे रस्ता हाकेच्या अंतरावर. मोटारी रोज दिसत. पण मोटार म्हटली की तिला चाकं हवीत, भोंगा हवा आणि शिव्या देणारा क्लीनर हवा. इथं यातलं काहीच नव्हतं. तेव्हा ही मोटार नव्हे, एवढा तर्क गावानं स्वतःच्या बुद्धीनं केला होता.

दवाखान्यातल्या नर्स शालनबाईंना नाव कशी चालते याची काडीची पर्वा नव्हती. त्यांचा राग त्या धारेवर होता. देव्हाऱ्याखालून कोमट पाण्याची बारीक धार पडे. थंड नदीतून कोमट पाणी! महाराज ते तांब्यात धरत आणि हिवतापाचं तीर्थ म्हणून वाटत. अट एकच, कोयनेलच्या गोळ्या बंद. तीन मैलांवर पिंपरीत पेनिसिलीनचा कारखाना उभा राहिलेला, आणि इथं दवाखान्याच्या बाकावर कुत्रं झोपलेलं.

शेवटी शालनबाई स्वतःच मालोजी नावाड्याच्या झोपडीत गेल्या. त्याची बायको अंबुबाई तीन गोधड्यांखाली हुडहुडत होती.

"गोळ्या कुठायत, मालोजी?"

"सोडल्या पान्यात. तीर्थ चालू हाय न्हवं."

"आणखी दोन वेळा असा ताप आला, तर ही दिवाळी बघायची नाही."

पंधरा दिवस मालोजीची नाव खुंटीला होती, पण त्याची तक्रार नव्हती. देवाशी स्पर्धा कोण करील?

"महाराज म्हनत्यात, गोळी घेतली की तीर्थाचा गुन जातो. समदं सांगितल्यावानी केलंय, बाई. नदीत ओटीसुदिक सोडली न्हाई."

"ओटी? तिचं काय?"

"मनाई हाय. म्हनं, नदीमाईला लुगडं चालत न्हाई."

गोधड्यांतून अंबुबाईचा आवाज आला. "माज्या सासूनं सोडली, आजेसासूनं सोडली. तवा चालत हुतं तिला."

शालनबाई तिथून निघाल्या त्या तीर्थाची बाटली घेऊन थेट हमरस्त्यावर, नवाबच्या गॅरेजात. नवाब लॉऱ्या दुरुस्त करी. त्यानं बूच काढून वास घेतला.

"पेट्रोल. त्यात ऑइल मिसळलंय. बाई, हे तीर्थ मी रोज संध्याकाळी साबणानं धुतो."

"पाण्यात कुठून आलं?"

नवाब हसला. लढाईच्या काळात तो खडकीच्या छावणीत कामाला होता. पूल बांधणाऱ्या पलटणीच्या नावांना मागे असलीच इंजिनं अडकवलेली असत. लढाई संपल्यावर बरीचशी लिलावात गेली. त्यातलं एक, दिसतंय, संन्यासाला लागलं.

"मग लोकांना सांग की."

"मी?" नवाबनं हात पुसले. "मी तोंड उघडलं तर गोष्ट मशीनची राहायची नाही, बाई. तुम्हाला कळतंय ते."

शालनबाईंना कळलं. जाता जाता त्यांनी ओटीचं विचारलं, आणि नवाब एकदम ताठ झाला. "लुगडं? मनाई करणारच तो!" मग त्यानं कारण सांगितलं.

म्हणून त्या शुक्रवारी, कधी देवळाची पायरी न चढलेल्या शालनबाई अंबुबाईचं जुनं हिरवं लुगडं, खण, नारळ घेऊन नावेत मागच्या बाजूला बसल्या. बायका एकमेकींना कोपरं मारत होत्या.

"काय शालनबाई, औषधाची बाटली सोडून ओटी?"

"म्हटलं, दोन्ही करून बघावं."

ढोल वाजले, उद्धवराव हाकलला गेला, देव जागा झाला. नाव मध्यावर आली तशा शालनबाई उठल्या आणि त्यांनी खणासकट लुगडं देव्हाऱ्याच्या अगदी पायाशी पाण्यात सोडलं.

"अगं ए! माईला चालत नाही!" महाराज ओरडले.

माईला चालतं की नाही ते कळलं नाही. देवाला चाललं नाही. लुगडं सरसर आत ओढलं गेलं, खाली काहीतरी कट्कन मोडलं, हुंकार दुप्पट वाढला आणि नाव जागच्या जागी थबकली. मग हळूहळू उलटी, खालच्या खडकांकडे वाहू लागली. बायका किंचाळल्या. ढोलवाला ढोलालाच मिठी मारून बसला.

"मालोजीऽऽ!"

मालोजीनं खुंटीची नाव सोडली. चाळीस वर्षं सरावलेले हात वल्ह्यांना लागले. तो येईपर्यंत महाराजांचा धीर सुटला होता. त्यांनी भगवं कापड भिरकावलं, हुंकार बंद केला आणि दोन्ही हातांनी देवाला उचलून उलटा केला. देव शेपूट वर करून उभा राहिला. शेपटीला तीन पात्यांचा पंखा, आणि पंख्याला अंबुबाईचं लुगडं, नऊच्या नऊ वार.

दोर बांधून मालोजीनं नाव घाटाला आणली. मालोजीनं हिरव्या काठावरून हात फिरवला आणि गर्दीत मागे उभ्या असलेल्या माणसाला हाक मारली.

"नवाबभाई, हे काय हाय?"

विचारल्यावर नवाबनं सांगितलं. ही वरची गोल चकती, तिला दोरी गुंडाळून ओढली की इंजिन सुरू होतं. थंड असलं की पहिल्या ओढीला होत नाही. इथं टाकीत ऑइल मिसळलेलं पेट्रोल, ते आत पेटतं आणि उभा दांडा फिरवतं. खाली दातेरी चाकांवर ती फिरकी वळते, पंखा फिरतो, पाणी मागे ढकलतो, म्हणून नाव पुढे जाते. हा वरचा आडवा दांडा इकडेतिकडे केला की नाव वळते. पंख्यात काही अडकलं तर इंजिन वाचावं म्हणून एक नरम पिन असते, ती मोडते. मोडली.

"आनि तीर्थ?"

"इंजिन तापतं. ते थंड ठेवायला नदीचं पाणी आत फिरवून धुरासकट बाहेर सोडतात, त्यात पेट्रोल-ऑइलही येतं. लॉरीच्या रेडिएटरचं पाणी पितं का कुणी?"

"हे देवाचं वाहन आहे!" महाराज शेवटचं म्हणाले.

"मग देव कुठंय?" उद्धवराव परत आला होता. "आणि महाराज, निंदक मी नव्हतो. थंडी होती."

गर्दी इतकी हसली, की महाराजांना पलीकडच्या तीरावर जाणं सोयीचं वाटलं. मालोजीनंच त्यांना सोडलं. वल्ह्यानं.

शालनबाई झोपडीत गेल्या तेव्हा अंबुबाई उठून बसली होती. तिनं कोयनेलची गोळी गिळली आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"लई कडू."

"तीर्थ कसं होतं?"

"राकेलावानी."

"तरी प्यालात?"

"समदीच पीत हुती, बाई."

एवढंच आहे. इंजिनात काही वाईट नाही. ते बिचारं पेट्रोल घालाल तितकं इमानानं चालतं. खोटं होतं ते त्याच्यावरचं कापड. तेव्हा वाचकहो, चमत्कार जरूर बघा, पण तो बघताना कशाला हात लावायची मनाई आहे तेवढं विचारा. आणि मनाई असेल, तर हात तिथंच लावा.