फोकस थंड होईपर्यंत

माझी धाकटी बहीण योगिता पुण्याला कॅमेरा शिकायला गेली आणि पहिल्याच सुट्टीत सुरतेला, भेस्तानच्या आमच्या खोलीत येऊन दिवसभर खिडकीकडे बघत बसली. ऊन हंड्यावर कधी येतं, भिंतीवर कधी सरकतं! सरांनी सांगितलं होतं म्हणे, आधी उजेड बघायला शिका. आईने कपाळाला हात लावला. "पोरगी शिकाले गयी का येडी व्हवाले?"

शहाण्णव सालच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती चावी देऊन चालणारा कॅमेरा आणि एकच रीळ घेऊन आली. जेमतेम तीन मिनिटांचं. ते फुकट गेलं तर दुसरं नाही, आणि जमलं तरच पुढच्या वर्षी खास कॅमेऱ्याच्या वर्गात जागा. तिला आईचे खापरावरचे पुरणाचे मांडे टिपायचे होते. मी फुकटची असिस्टंट, खिडकीचा उजेड आईवर पाडायला पांढरी चादर धरून उभी.

पण आमच्या चाळीत शूटिंग म्हणजे लग्नातलं. फोकस पेटला तर शूटिंग, नाहीतर कसलं काय! शेजारच्या कुसुममावशीने भाच्याच्या व्हिडिओच्या दुकानातून हौसेने फोकसचा भगभगीत दिवा आणला. तो पेटला आणि लग्नाची साडी नेसलेली आई एकदम ताठ झाली. कॅमेऱ्याकडे बघत तिने मांडा हातावर घेतला, तो टरकन फाटला. रीळ सुरू करायला योगिताचा हात धजेना. मला तर रडूच आलं.

मग तिने फोकस बंद केला. "तापलाय गं आई, थंड होऊ दे."

हुश्श! पदर कमरेला खोचले गेले.

"कलाबाई, नवी नवरी शे का तू?" कुसुममावशीने फाटक्या मांड्यावरून चिडवलं. आईने पिठाचा हात तिच्या गालाला फासला, तिने आईच्या नाकाला. हसता हसताच आईने दुसरा मांडा मनगटांवर असा फिरवला की त्याच्या कडांतून ऊन आरपार दिसलं. कॅमेरा घरघरत होता.

"हाई काय वाजस?" आईने विचारलं.

"चावी देतेय," योगिता म्हणाली. मी चादर जराही हलू दिली नाही.

शेवटी आई योगिताला म्हणाली, "बाई, फोकस कव्हय लावशी?"

"झालं की शूटिंग!"

आई चार दिवस तिच्याशी धड बोलली नाही. नाकाला पीठ, साडीचा चोळामोळा, लोक काय म्हणतील!

दिवाळीत योगिता आली ती त्या रिळाची कॅसेट आणि वर्गात जागा मिळाल्याचे पेढे घेऊन. अख्खी चाळ टीव्हीपुढे बसली. आई स्वतःकडे बघतच राहिली.

"मी अशी हसस?"

"अशीच हसतेस," मी म्हणाले. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

आईने कॅसेट पुन्हा लावायला लावली. मग कुसुममावशीकडे वळून म्हणाली, "पुढनी आखाजीले तुना फोकस घरमाच ठेव वं."