यल्लव्वाची पोळी

"ते लाटणं ठेव खाली. माजं हाय ते," यल्लव्वा म्हणाली.

"तुमचं कशावरून? दोन्ही सारखीच तर आहेत," म्हणत वीणा लाटतच राहिली.

बंगळूरच्या मारतहळ्ळीतल्या माझ्या पोळी-भाजी केंद्रात हे भांडण रोज सकाळी ठरलेलं. दोन्ही लाटणी चिकपेटेतल्या एकाच दुकानातून मीच आणलेली. यल्लव्वा निपाणीकडची, साठीला टेकलेली, केंद्र सुरू झाल्यापासून माझ्याबरोबर. वीणा पुण्याहून नवऱ्यामागे आलेली, कामाला चपळ आणि जिभेनं त्याहून चपळ.

"माज्या हाताला कळतंय की," यल्लव्वा म्हणाली.

"हाताला कळू दे हो. खाणाऱ्याला कळतं का कुणी लाटली ते? पोळी ती पोळीच!"

यल्लव्वानं हातातला उंडा परातीत परत ठेवला. "खरं हाय बाई. मग मी ऱ्हायले काय अन् गेले काय. शनिवारपातूर येते, कस्तुरीबाई. मग जाते लेकाकडं निपाणीला."

तिच्या पोळीवर केंद्र उभं होतं हे तर झालंच, पण ती नसलेली सकाळ मला नकोच होती. वीणालाही बोलून गेल्यावर चुटपुट लागली असावी, कारण तिनं हातातलं लाटणं गुपचूप यल्लव्वापुढे सरकवलं.

दुपारी दोन्ही लाटणी फडक्यात गुंडाळून मी मागच्या गल्लीतल्या प्रणीतकडे गेले. हा नागपूरचा. कंपनीची नोकरी सोडून लेझरचं मशीन घेऊन बसलेला, आणि आता त्याच कंपन्यांच्या स्टीलच्या बाटल्यांवर नावं कोरून देणारा.

"यांच्यावर नावं घाल. ठळक. पुसली जाता कामा नयेत."

"लाटण्यावर? बाप्पा! हे तर पहिल्यांदाच करून राहिलो मी, काकू."

त्यानं लाटणं दोन रबरी रुळांवर आडवं ठेवलं. रूळ फिरू लागले तसं लाटणंही जागच्या जागी फिरू लागलं, आणि वरचा लेझरचा ठिपका लाकूड जाळत अक्षरं काढू लागला. मला तर हसूच फुटलं, लहान मुलासारखी बघत बसले.

"दुसऱ्यावर काय नाव?"

"अक्का," मी म्हणणार होते. आम्ही सगळे तिला अक्काच म्हणायचो. मग म्हटलं, "यल्लव्वा. यल्लव्वा लिही."

बाटलीवर नाव मधोमध टाकायची प्रणीतची सवय. लाटण्यावरही त्यानं ते बरोबर मधोमध टाकलं, तेही चांगलं खोल आणि गोलाकार. मी खूश! जन्मभर पोळ्या लाटलेली बाई मी, पण नाव मुठीवर हवं हे काही डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी वीणा किंचाळली. तिच्या पोळीवर अक्षरांचा पट्टा उठला होता. तव्यावर ती उठलेली अक्षरं आधी भाजून तांबूस झाली, आणि सगळी उलटी! आमच्याकडे तिसरं लाटणं नाही, डबेवाला दारात उभा. देवाचं नाव घेऊन डबे बंद केले.

दुपारी टेक पार्कमधून विराटचा फोन आला, आमचा रोजचा डबा घेणारा. मी आधी माफीच मागायला लागले.

"अहो काकू, माफी कसली! आम्ही वॉशरूमच्या आरशासमोर पोळी धरून वाचलं. या यल्लव्वा कोण?"

मी फोन स्पीकरवर टाकला.

"संध्याकाळपर्यंत मऊ राहतात त्या पोळ्या यांच्याच ना? आमची तर रोज पैज लागते, आज मऊवाल्या कुणाच्या डब्यात येणार म्हणून. उद्यापासून मला यल्लव्वांच्याच हव्यात."

"आणि वीणाच्या?" वीणा मागून ओरडली.

"हा माझ्या शेजारचा ध्रुव म्हणतोय, वीणाच्या मस्त खरपूस असतात. त्याला त्याच पाठवा."

वीणा लाजली. जरा वेळानं यल्लव्वाजवळ जाऊन म्हणाली, "कळतं हो अक्का. खाणाऱ्याला कळतं."

"स्वल्प पाणी दे," यल्लव्वा म्हणाली. वीणानं धावत जाऊन पाणी आणलं.

प्रणीतनं नव्या दोन लाटण्यांवर नावं मुद्दाम उलटी कोरून दिली, म्हणजे पोळीवर सुलटी उमटावीत. शनिवार उजाडला. निपाणीचा विषय काढायची माझी छाती होत नव्हती.

आमच्याकडे चांगल्या पोळ्या डब्यात जातात. फाटक्या, करपलेल्या त्या आमच्या, आणि त्याही सगळं आवरल्यावर. त्या दिवशी यल्लव्वानं तव्यावरची पहिली टम्म फुगलेली पोळी उचलली आणि सरळ स्वतःच्या ताटलीत घेतली. वर तूप घातलं. स्टूल ओढलं. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं. मधल्या तांबूस पट्ट्यावर बोट ठेवून तिनं मला विचारलं, "हितं लिवलंय ती मी?"

"तूच."

"अक्का, डबे?" वीणानं हळूच विचारलं.

"थांबू देत स्वल्प." ती कडेकडेनं सावकाश खात होती. "सोमवारला कणीक जादा भिजवा, कस्तुरीबाई. त्या फोनवाल्या पोराला माज्याच लागतील."

मी मान डोलावली. डबेवाला दारात ताटकळत होता, आणि ताटलीत आता फक्त नावाचा तुकडा उरला होता. तो तिनं तुपात बुडवला.