दोन माणसांचं दार

माझा भाऊ आणि माझा नवरा चौदा महिने एकमेकांशी बोलले नाहीत. दोघंही दर रविवारी आमच्याच टेबलावर जेवत होते, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे माझे काय हाल झाले असतील ते लक्षात येईल. "ताई, भाऊजींना सांग, मीठ द्या इकडे." मिठाची बरणी भाऊजींच्या कोपराशी, भाऊजी त्याच्यापासून हातभर अंतरावर, आणि तरी ते कानात बोळे घातल्यासारखे बसून. मी "अहो, मीठ" म्हणायचे, मग बरणी सरकायची.

भावाला सगळे बारक्या म्हणतात. धाकटा म्हणून लहानपणी पडलेलं नाव. आता तो सहा फूट आहे आणि आमच्या घरातल्या एकूण एक चौकटीवर त्याचं कपाळ आपटून झालंय. तो सुतार आहे, हाताला चांगला, जिभेला तिखट. नवरा शाळेत गणित शिकवतो. त्याला अख्खी गल्ली मास्तर म्हणते, म्हणून मीही म्हणते. मास्तर कमी बोलतात, पण जे बोलतात ते फळ्यावर लिहिल्यासारखं बोलतात आणि पुसत नाहीत.

भांडण झालं ते पुस्तकांच्या कपाटावरून. बारक्यानं ते आम्हाला भेट म्हणून बनवलं होतं, दीड महिना खपून. ते बघायला सात माणसं घरी आली होती. मास्तरांनी सगळ्यांसमोर वरच्या फळीवर पाणसळ ठेवली, काचेतला बुडबुडा बघितला आणि म्हणाले, "तीन मिलिमीटर." बारक्या म्हणाला, तुमची फरशीच उतरती आहे. यावर माणसानं गप्प बसावं की नाही? मास्तर म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं." सातही जण हसले. बारक्या हसला नाही. तेव्हापासून अबोला.

मग निरोप्याचं काम माझ्याकडे आलं. मी ते प्रामाणिकपणे केलं असं म्हणणार नाही. मास्तर म्हणायचे, "त्याला म्हणावं, आधी मोजपट्टी धरायला शीक." मी फोनवर सांगायचे, "मास्तर तुझी आठवण काढत होते रे." बारक्या म्हणायचा, "त्यांना सांग, दुसऱ्यांना मार्क देणं सोपं असतं." मी घरी येऊन सांगायचे, "बारक्या तुमच्या शाळेची चौकशी करत होता." चौदा महिने मी दोघांच्या बोलण्यातले काटे काढत बसले. सवयच लागली.

अशात बारक्याला लांबच्या गावी फर्निचरच्या कारखान्यात नोकरी लागली. पंधरवड्यात तो जाणार होता, आणि गेल्यावर वर्षातून एकदा आला तरी खूप. हे दोघं असेच तुटले, तर पुढे मी माहेरची राहणार की सासरची, या विचारानं माझा जीव टांगणीला लागला होता.

तेव्हाच गॅरेजच्या जुन्या दारानं मान टाकली. ते एकसंध पत्र्याचं होतं, वर उचललं की अर्ध्यातून खाली यायचं. एकदा तर गाडीच्या बॉनेटवरच आलं. मी दुकानात जाऊन नवं दार बघितलं, चार आडव्या भागांचं, बिजागऱ्यांनी जोडलेलं, रुळांवरून छताखाली सरकणारं. खोक्यावर चित्र होतं: दोन माणसं एक भाग दोन टोकांनी धरून उभी, आणि दोघंही हसताहेत. खाली लिहिलेलं, 'बसवण्यासाठी दोन माणसं आवश्यक'. दुकानदार म्हणाला, आमचा फिटर पुढच्या बुधवारी मोकळा आहे. मी त्या चित्राकडे बघत म्हटलं, फिटर नको.

घरी येऊन मी सांगितलं की फिटरला दोन महिने वेळ नाही. धादांत खोटं.

रविवारी सकाळी काम सुरू झालं. मास्तरांनी दारासोबत आलेलं अठ्ठेचाळीस पानांचं पुस्तक आदल्या दिवशीच वाचून दोन रंगांनी रेघोट्या ओढल्या होत्या, निळ्या म्हणजे लक्षात ठेवा, लाल म्हणजे जीव सांभाळा. बारक्यानं पुस्तकाकडे बघितलंसुद्धा नाही. सगळ्यात खालचा भाग बसवताना मात्र दोघांना दोन टोकं धरावीच लागली, कारण मला तो उचलवत नव्हता. मी मधे उभी.

"ताई, भाऊजींना सांग, त्यांची बाजू जरा वर."

"अहो, वर."

"त्याला विचार, पाणसळ बघून बोलतोयस की अंदाजपंचे?"

"बघून," बारक्या माझ्याकडे बघून म्हणाला. मास्तरांनी बाजू वर घेतली. बारक्यानं खाली पाचर ठोकली. बुडबुडा मधोमध आला, आणि दोघांनीही तो एकाच वेळी वाकून बघितला, डोक्याला डोकं लागेल इतक्या जवळून.

दुपारपर्यंत चारही भाग चढले. चाकं रुळांत बसली, बिजागऱ्या आवळून झाल्या. एक बिजागरी वरून निसटून बादलीत पडली, बादलीतलं पाणी उडालं ते माझ्या तोंडावर, आणि ते दोघं हसले. एकाच गोष्टीला, एकाच वेळी. लगेच गंभीर झाले म्हणा, पण मी बघितलं होतं.

मग एकेचाळिसावं पान आलं. त्यावर लाल चौकट छापलेली होती, मास्तरांनी तिच्याभोवती आणखी एक लाल चौकट काढली होती. दाराच्या वर आडवा दांडा असतो, त्यावर मनगटाएवढी जाड स्प्रिंग. तिच्या टोकाच्या भोकांत आळीपाळीनं दोन सळया घालून ती पाव पाव फेरीनं पिळून ताठ केली की दाराचं वजन तीच पेलते आणि दार दोन बोटांनी उचलता येतं. पण पिळलेल्या स्प्रिंगमध्ये हाड मोडायची ताकद असते, म्हणून हे काम शिकलेल्या माणसानंच करावं, असं त्या चौकटीत लिहिलं होतं. मास्तर पुस्तक मिटून म्हणाले, फिटरसाठी थांबायचं. बारक्या मला म्हणाला, दोन महिन्यांनी मी असेन का इथे, आणि अर्धं काम टाकून मी आजवर कुठून गेलोय?

त्याच क्षणी मी खरं सांगायला हवं होतं. फिटर बुधवारी मोकळा आहे, एवढे चारच शब्द. पण मला ते हसू दिसलं होतं. आणखी तासभर एकत्र राहिले तर बोलतीलच, असं वाटलं. लोभ वाईट, दुसरं काय.

मास्तरांनी दार रुळाला शिकंज्यानं आवळून घेतलं, म्हणजे ते उसळणार नाही, आणि 'माझ्या डोळ्यांदेखत हे नको' असं मला सांगून पुस्तकासकट स्वयंपाकघरात जाऊन बसले. बारक्या शिडीवर चढला. गॅरेज ते स्वयंपाकघर दहा पावलं. मी चालायला लागले.

पहिला निरोप मास्तरांचा होता: स्प्रिंगच्या समोर उभं राहायचं नाही, तोंड आणि छाती बाजूला. तो मी जसाच्या तसा पोचवला, आणि आजही त्यासाठी स्वतःचे आभार मानते. बारक्यानं शिडी बाजूला घेतली. मग फेऱ्या किती, कुठल्या दिशेनं, एक सळई पूर्ण आत बसल्याशिवाय दुसरी काढायची नाही, हेही पोचलं. मग मास्तरांनी विचारलं, सळया कुठल्या वापरतोय? मी म्हटलं, त्याच्या पेटीतल्या. किती जाड? मी परत गेले, मोजपट्टी लावली, परत आले. बारा मिलिमीटर.

मास्तर उठून उभेच राहिले. "भोक अठराचं आहे. बारीक सळई आत खेळते आणि सटकते. त्याला म्हणावं, हात लावू नकोस. आणि म्हणावं, हे कपाट नव्हे, की वाकडं झालं तर फरशीवर ढकलून मोकळं होता येईल."

मी निघाले. पहिल्या तीन पावलांत मी त्यातून कपाट काढलं. पुढच्या तीन पावलांत फरशी काढली. 'म्हणावं' काढलं, 'हात लावू नकोस' हे जरा हुकूम दिल्यासारखं वाटलं म्हणून तेही काढलं. असं सोलता सोलता सळईसुद्धा निघून गेली, ते मला कळलंच नाही. शिडीपाशी पोचल्यावर माझ्याकडे एवढंच उरलं होतं:

"मास्तर म्हणतात, जपून कर."

बारक्यानं खाली बघितलं. "असं म्हणाले?"

"हो."

त्यानं सळई पुढच्या भोकात घातली. मग म्हणाला, "जपूनच करतोय म्हणावं," आणि किती तरी दिवसांनी त्याचा आवाज मऊ आला.

पाचव्या पाव फेरीला सळई सटकली.

घर्र असा आवाज झाला, स्प्रिंग एका झटक्यात सैल झाली, सळई त्याच्या खांद्याशेजारून गेली आणि भिंतीजवळच्या रंगाच्या डब्यात घुसली. निळा रंग छतापर्यंत उडाला. शिडी हलली, पडली नाही. बारक्या समोर उभा असता, तर सळई डब्यात गेली नसती. मी बादली पालथी घालून तिच्यावर बसले.

मास्तर धावत आले. एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "बारक्या!" म्हणाले, आणि शिडीवरून उतरणाऱ्या त्या सहा फुटी माणसाचे दोन्ही पंजे धरून त्यांनी बोटं मोजायला सुरुवात केली. मोठ्यानं. एक, दोन, तीन. दहापर्यंत गेले. मग पहिल्यापासून पुन्हा मोजली. आयुष्यभर गणित शिकवलेला माणूस, दहा बोटं दोनदा मोजत होता. मला रडू आलं.

"दहा," मास्तर म्हणाले.

"सकाळीही दहाच होती, भाऊजी," बारक्या म्हणाला.

चौदा महिन्यांतलं पहिलं बोलणं हे. मी मनात म्हटलं, जमलं. पण ते सुख मला पुरतं मिनिटभरही लाभलं नाही.

"सांगितलं होतं ना, सळई बारीक आहे म्हणून?"

"मला कुणी नाही सांगितलं. जपून कर, एवढाच निरोप आला."

मग दोघांनी सावकाश माना वळवून बादलीकडे बघितलं. मी सगळं कबूल केलं: सळईचं, आठवणी काढल्याचं, शाळेच्या चौकशीचं आणि शेवटी बुधवारच्या फिटरचं. बारक्याच्या भुवईवर निळा थेंब होता. मास्तरांनी खिशातला रुमाल काढून त्याला दिला आणि म्हणाले, "चल, हात धू."

त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलेनासे झाले.

"बारक्या, तुझ्या ताईला सांग, पाणी दे म्हणावं." "भाऊजी, ताईला सांगा, मी रात्री जेवायला नाही." मी समोर बसलेली. माझ्या घरात, माझ्या टेबलावर. राग यायचा, आणि रागाच्या मागून असं काही बरं वाटायचं की कुणाला सांगता येणार नाही.

बुधवारी फिटर आला. त्याच्याकडे दोन जाडजूड सळया होत्या, भोकात चपखल बसणाऱ्या. त्यानं जमिनीवर खडूनं रेघ मारली आणि म्हणाला, यापुढे कुणी यायचं नाही. रेघेच्या अलीकडे हे दोघं हाताची घडी घालून उभे. भाऊजी, मोजताय ना? मोजतोय, अठरा झाल्या. शिडी जरा डावीकडे हवी होती, नाही का? मलाही तेच वाटतंय. पाऊण तासात स्प्रिंग ताठ झाली, शिकंजा निघाला आणि दार दोन बोटांनी वर गेलं. सामान भरताना फिटरनं मला हळूच विचारलं, हे दोघं सख्खे भाऊ का? मी उत्तर द्यायच्या आत दोघंही एका सुरात नाही म्हणाले.

सोमवारी बारक्या निघाला. बॅग दारात, गाडी यायला दहा मिनिटं. मास्तर गॅरेजमध्ये गेले आणि पाणसळ घेऊन आले. मला वाटलं, पुन्हा तीन मिलिमीटर. ते पुस्तकांच्या कपाटाशी गेले, पण फळीकडे बघितलंच नाही. गुडघे टेकून त्यांनी पाणसळ कपाटासमोरच्या फरशीवर ठेवली. चष्मा कपाळावर घेऊन बराच वेळ बुडबुडा बघत राहिले. एकदा जागा बदलून पुन्हा बघितलं. बारक्या दारात उभा राहून छताकडे बघत होता.

मास्तर उठले, गुडघे झटकले आणि सरळ माझ्याकडे वळले. आठ दिवसांत पहिल्यांदाच.

"बारक्याला सांग," ते म्हणाले, "तीनातले दोन मिलिमीटर फरशीचे निघाले."

मी बारक्याकडे बघितलं. त्यानं बॅग उचलली, पुन्हा खाली ठेवली.

"भाऊजींना सांग, उरलेला एक माझा."

मी दोघांनाही सांगितलं. एक शब्द गाळला नाही.