मान न डोलवण्याचा खेळ

"दळण दळते बाई, हात बोलतो दाण्याशी
लेक बसली मांडीशी, डोळा लावून हाताशी"

जात्यावरच्या आजीचा हा आवाज माझ्या कानात अजून आहे. माझ्या लेकीच्या, उपासनाच्या कानात मात्र कुठलाच आवाज कधी शिरला नाही. आठ वर्षांची ती. शाळेत खुणांची भाषा शिकली, तिच्यामागून मी शिकले. तिचा बाबा, विनय, वर्गाला दोनदा आला नि थांबला. लेकीशी बोलायचं ते माझ्यामार्फत.

सत्त्याण्णव साल. अमेरिकेतल्या अर्विंग गावातली आमची मराठी मंडळी दर रविवारी सरलामावशी आणि दादारावकाकांकडे बुद्धवंदनेला जमायची. नंतर मुलं खेळायची, उपासना दाराशी चपलांजवळ बसायची. एकदा परतताना तिने हातांनी सांगितलं, "मी आता येणार नाही. तिथे माझ्याशी कुणी बोलत नाही."

म्हणून मी खेळ काढला. नाश्त्याच्या सिरियलच्या रिकाम्या खोक्यांचे पत्ते कापले, चित्रं काढली. पत्ता उचलायचा, त्यावरची वस्तू खुणेने मागायची. उपासनाला कळलं तर पत्ता तुमचा.

घरी विनयला बसवलं. त्याने पोळी मागितली. तिने पत्ता काढून घेतला.

"अगं, हवीय म्हणतोय ना मी," तो मला म्हणाला.

ती मला म्हणाली, "बाबाचे हात हो म्हणतात, डोकं नाही म्हणतं."

खरंच की. होकाराला आपण मान डावी-उजवीकडे डोलावतो, तिच्या खुणांच्या भाषेत तो नकार. विनय उठून गेला. मी मांडणीवरून वाटी काढली. नवा नियम: डोक्यावर राजम्याची वाटी, दाणा सांडला की पत्ता गेला.

रविवारी पहिले दादारावकाका बसले. "साठीत डोक्यावर घमेलं दिलंस होय गं?" म्हणत मान डोलावली. राजमा थेट सोफ्याखाली.

"चाळीस वर्षं ह्यांचा होकार असाच सांडतोय," सरलामावशी म्हणाल्या.

"मावशी, माय टर्न," मुलांमधला छोटा कुश मला म्हणत मध्ये घुसला.

तासाभरात सगळी खोली उपासनाभोवती. तोंडं मिटलेली, हात हवेत. ती एकेकाची बोटं धरून सरळ करत होती, मोठ्यांनाही बाद करत होती. काकांनी अखेर ताठ मानेने चहा मागितला, तेव्हा तिने पत्ता दिला आणि पाठही थोपटली. जेवण गार झालं. मला म्हणाली, "पुढच्या रविवारी जास्त पत्ते आण."

तेवढ्यात विनय तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. पत्ता उचलला नाही. त्याचं बोलणं तिला खुणांनी सांगायला सवयीने मी हात वर केले. त्याने ते हलकेच खाली केले आणि स्वतःच्या हातांनी, माझ्या नकळत शिकून घेतलेल्या खुणांत, अडखळत, तिला सांगितलं,

"मला भीती वाटायची. चुकलो तर तू हसशील. म्हणून आठ वर्षं तुझ्याशी बोललोच नाही."